जुनी चाल, नवी तबकडी

(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी मी संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा विषय निवडला, तेव्हा काहींना आश्चर्य वाटले. कारखाने, रस्ते, पाणीपुरवठा आणि पटसंख्या यांत गुंतलेल्या मंडळींपुढे गाण्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या भूमीवर आपण बसलो आहोत, तिचा थोडा विचार करा. पवनेच्या काठी मोरया गोसावींचे चिंचवड, इंद्रायणीच्या काठी तुकोबांचे देहू आणि ज्ञानदेवांची आळंदी. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करून, कारखान्यांच्या रांगांमधून पुण्याकडे जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका मिळाली. पुढे पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र झाले. टाळ-मृदंगाचा आणि यंत्रांचा आवाज एकाच शिवारात ऐकू येतो, असा हा प्रदेश आहे. जुन्याची व नव्याची भेट कशी व्हावी, हा प्रश्न येथे केवळ रसिकांचा नाही. तो रोजच्या जीवनाचा प्रश्न आहे.

या भेटीचा सर्वांत स्पष्ट पुरावा ध्वनिमुद्रिकेत सापडतो. मैफल संपली की सूर हवेत विरतात. तबकडीवर मात्र त्या दिवशी जुने किती राखले आणि नवे किती घेतले, याचा हिशेब कायमचा कोरला जातो. म्हणून आज काही निवडक ध्वनिमुद्रिकांच्या आधारे मी हा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. भाषणाच्या शेवटी आपण सर्वांनी करावयाच्या एका कामाकडेही लक्ष वेधणार आहे.

तीन मिनिटांची शिस्त

१९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रेडरिक गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्यास आले आणि भारतीय शास्त्रीय संगीत प्रथमच तबकडीवर उतरले. गोहरजान या त्या वेळच्या प्रख्यात गायिका. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. मुद्रित साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथे तबकड्या तयार होत आणि बोटीने परत येत. परक्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, यासाठी ही घोषणा होती, असे सांगितले जाते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले.

खरी अडचण वेळेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. जो राग तासभर उलगडावयाचा, तो तीन मिनिटांत कसा मांडावयाचा? अनेक बुजुर्गांनी या यंत्राकडे पाठ फिरविली. काहींनी मात्र त्या बंधनातून नवी शिस्त घडविली. रागाचे मुख्य स्वर प्रारंभीच दाखवावेत, बंदिशीचा मुखडा ठसठशीत ठेवावा, तान थोडी पण नेमकी घ्यावी आणि शेवट अचानक तुटू नये. आज या जुन्या तबकड्या ऐकताना कलावंताने काय गाळले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची विवेकबुद्धी कळते. मर्यादित निधीत आराखडा बसविणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगावयास नको.

या शिस्तीचे थोर उदाहरण म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तरेतील कैराना येथे जन्मलेल्या या गायकाने महाराष्ट्र आपला मानला. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुढे मिरजेस वास्तव्य केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. परंतु १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा स्वर घरोघर नेला. भैरवीतील व झिंझोटीतील त्यांच्या ठुमऱ्या आजही ऐकल्या जातात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांची आणखी एक ध्वनिमुद्रिका महत्त्वाची आहे. या किराणा घराण्याच्या गायकाने खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृती मुद्रित केली. दक्षिणेत त्यांनी प्रवास केला होता, तेथील सरगम गाण्याची पद्धत अभ्यासिली होती आणि ती आपल्या गायकीत मुरविली होती. ते दाक्षिणात्य गायकासारखे गाऊ लागले नाहीत. स्वतःच्या आवाजाच्या धर्मानुसार त्यांनी ती कृती गायिली. स्वीकार आणि अनुकरण यांतील फरक या छोट्याशा तबकडीतून जसा उमजतो, तसा मोठ्या ग्रंथातूनही क्वचितच उमजेल.

एका लहान मुलाने अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकली आणि गाणे शिकावयाच्या ध्यासाने घर सोडले, ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरू त्यांना पुढे लाभले, ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. पण हाक आली ती तबकडीतून. ध्वनिमुद्रिका गुरूची जागा घेऊ शकत नाही. मात्र गुरूच्या शोधात निघण्याची प्रेरणा ती देऊ शकते. शाळेत एखादी चांगली ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे मोल काय, असे विचारणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

नवी वाद्ये आणि त्यांचे काम

नव्या वाद्यांविषयी आपल्याकडे नेहमी वाद झाले. नभोवाणीवर १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. ही पेटी परदेशी आहे आणि तिच्या ठराविक स्वरांत आपल्या श्रुती बसत नाहीत, असा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता. पण ज्या पेटीने महाराष्ट्रातील रंगभूमी, कीर्तन आणि भजन यांना आधार दिला, ती केवळ आदेशाने परकी कशी ठरणार? सुमारे तीन दशकांनी, १९७१ साली, ही बंदी शिथिल झाली. दरम्यान भजनी मंडळांनी पेटी कधी खाली ठेवली नव्हती.

अशीच दुसरी एक घटना प्रशासनातील मंडळींनी लक्षात ठेवावी अशी आहे. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या कारकिर्दीत १९५२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी आकाशवाणीचा वाद्यवृंदही उभा राहिला. पंडित रविशंकरांसारख्या कलावंताने त्यासाठी रचना केल्या. ही कामगिरी मोठी आहे. परंतु चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार बंद होताच श्रोत्यांनी रेडिओ सिलोनची सुई शोधली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. शासन चांगल्या संगीताला व्यासपीठ देऊ शकते, वाद्यवृंद उभारू शकते, कलावंताला मानधन देऊ शकते. अभिरुची मात्र परिपत्रकाने घडत नाही. ती ऐकण्याच्या संधीतून घडते.

नव्या वाद्याला योग्य काम दिले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मराठी रंगभूमीवर आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. त्यात केशवराव भोळे यांनी पियानो, हवाईयन गिटार व व्हायोलिन यांचा प्रयोग केला. पुढे प्रभात चित्रसंस्थेत त्यांनी हीच दृष्टी चित्रपटसंगीतात आणली. वाद्याची जात कोणती, यापेक्षा त्या प्रसंगात त्याचे काम कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. प्रभातच्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ चित्रपटात पार्श्वसंगीत गाळून नैसर्गिक आवाजांवर भर देण्यात आला होता. वाद्य केव्हा वाजवावे याइतकेच ते केव्हा थांबवावे, हेही प्रयोगशीलतेत येते.

पुण्यातून घुमलेला आणखी एक प्रयोग म्हणजे ‘गीतरामायण’. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून या केंद्रावरून वर्षभर दर आठवड्यास एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाली. कथा हजारो वर्षांची, चालींना रागांचा पाया, शब्द सोपे मराठी आणि साधन नभोवाणीचे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा भिन्न पठडीतल्या गायकांचे आवाज त्यात एकत्र आले. जुने वस्त्र न फाडता नवा धागा कसा विणावा, हे त्या उपक्रमाने दाखविले.

खोऱ्यातील हाक आणि माळव्याची धून

दीर्घकाळ चालणारी तबकडी परदेशात १९४८ साली आली आणि पुढील दशकाच्या अखेरीस आपल्याकडे पोहोचली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. या वाढलेल्या अवकाशाचा कल्पक उपयोग करणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. त्याचे नाव गोविंदराव, म्हणजे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेचे त्यांनी गायिलेले गाणे १९३२ साली ध्वनिमुद्रित झाले आणि मराठी भावगीताच्या उदयाशी त्यांचे नाव जोडले गेले. पुढे ते एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले.

१९६७ साली त्यांच्या निर्मितीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे ‘खोऱ्याची हाक’, ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून उभा करावयाचा अशी कल्पना होती. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहाटेला अहिरभैरव, सायंकाळनंतर भूप, देस, पहाडी असा क्रम होता. या तिन्ही वाद्यांचा विचार केला तर गंमत वाटते. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना परंपरेतील वाद्य. ते मीड घेऊ शकत नाही म्हणून शास्त्रीय मैफलीला अयोग्य ठरविले गेले होते. बासरी गुराख्याची. तिला मैफलीत मान मिळाला तो पन्नालाल घोष यांच्यापासून. गिटार तर उघडउघड पाहुणी. म्हणजे शास्त्रीय संगीताच्या दारात उशिरा आलेल्या तीन वाद्यांनी ही तबकडी घडविली, आणि तिने रागसंगीताची गोडी लाखो नव्या श्रोत्यांना लावली. परदेशातही ती फार लोकप्रिय झाली. वेळेचा नियम पाळला, रागाची शुद्धता राखली आणि मांडणी मात्र गोष्टीसारखी केली, हे तिच्या यशाचे मर्म आहे.

त्याच वर्षी पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात जॉन मॅक्लॉक्लिन यांची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् यांच्या मेळातून ‘शक्ती’ हा वाद्यमेळ उभा राहिला. त्यात पाश्चात्य आणि भारतीय एवढीच भेट नव्हती, उत्तर व दक्षिण हिंदुस्थानचीही भेट होती. याच वाद्यमेळाच्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला २०२४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अर्धशतकानंतरही हा प्रयोग ताजा राहिला, कारण त्यातील प्रत्येक वादक स्वतःच्या विद्येत पक्का होता.

जुन्या-नव्याच्या मीलनासाठी विलायतेकडेच पाहावे लागते असे नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली देवासला राहावयास गेले. गाणे बंद होते, पण कान उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील स्त्रियांची व फिरस्त्यांची गाणी ऐकली. त्यांतील स्वरवाक्यांचा अभ्यास केला. आणि शास्त्राने ज्यांना केवळ लोकगीत म्हटले, त्यांतून रागाची बीजे हाती घेतली. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे धुनउगम राग त्यांतून आले. १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खेड्यातील बाईच्या ओठावरचे गाणे हे शास्त्राचे मूळ असू शकते, हा त्यांचा सिद्धांत होता. आपल्या पंचायतीच्या हद्दीतील जात्यावरच्या ओव्यांकडे, गोंधळ्यांच्या आणि वाघ्या-मुरळीच्या गाण्यांकडे पाहताना हा सिद्धांत मनात ठेवावा.

पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे कार्यही याच जातीचे. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्याचा विषयच मुळी दोन गायकींचा संघर्ष. अभिषेकीबुवांनी त्या दोन्ही गायकींना वेगवेगळे सांगीतिक व्यक्तिमत्त्व दिले आणि वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका अजरामर केली. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला. बुवांच्या मूळ चाली ठेवून त्यांच्या शेजारी शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या रचना दिल्या. त्यातील गायनाबद्दल महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाट्यसंगीत हे आजोबांचे संगीत असे मानणारी तरुण मुले त्यानंतर तीच पदे गुणगुणू लागली. मूळ नाटकाची जुनी ध्वनिमुद्रणे उपलब्ध होती म्हणूनच नव्यांना तुलना करता आली, हेही ध्यानात घ्यावे.

आणि माझ्या खात्याच्या जवळचे उदाहरण सांगावयाचे तर, १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवरून प्रसारित झालेली ‘मिले सुर’ ही राष्ट्रीय एकात्मतेची चित्रफीत. भैरवीचा आधार, प्रारंभी भीमसेनजींचा धीरगंभीर स्वर, अशोक पत्की यांची चाल, लुई बँक्स यांची वाद्ययोजना आणि एकामागून एक येणाऱ्या भारतीय भाषा. त्या काही मिनिटांनी जे सांगितले ते सांगावयास आम्हा प्रसिद्धीवाल्यांना कितीतरी पत्रके काढावी लागली असती.

चांगले मिश्रण कसे ओळखावे

आता आपल्या परिसराकडे वळू. येथील कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून माणसे आली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथूनही आली. प्रत्येकाने पिशवीतून कपडे आणले आणि कंठातून गाणे आणले. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांत दिवसपाळी करून आलेला कामगार रात्री पखवाजाला कणीक लावताना दिसतो. महानगरपालिकेच्या स्वरसागर महोत्सवात याच शहरातील श्रोते मोठमोठ्या कलावंतांना ऐकतात. आणि अभंगाला गिटार व ड्रमची साथ देणारे तरुणांचे गटही आता गावोगाव दिसू लागले आहेत.

या तरुणांवर ज्येष्ठ मंडळी रागावतात. ऑक्टोपॅडवर हरिपाठ वाजवावयाचा काय, असे विचारतात. हा राग समजून घेतला पाहिजे. सप्ताहात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि शब्द बुडाले, तर तक्रार रास्तच आहे. परंतु नवे वाद्य आले म्हणून परंपरा बुडाली, हे म्हणणे पेटीच्या बाबतीत खोटे ठरले, संतूरच्या बाबतीत खोटे ठरले. म्हणून सरसकट निषेध अथवा सरसकट कौतुक न करता काही साधे प्रश्न विचारावेत. शब्द ऐकू येतात काय? मूळ चालीची ओळख राहिली आहे काय? नव्या वाद्याला नेमके काम दिले आहे, की ते केवळ गोंगाट वाढविते? गाणाऱ्याला जुने अंग खरोखर येते काय? आणि ज्याच्याकडून चाल घेतली त्याचे नाव सांगितले जाते काय? या पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर वाद्य कोणत्या देशाचे आहे याची चिंता करण्याचे कारण नाही.

हाताबाहेर जाणारा ठेवा

मात्र या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी मूळ चाल ठाऊक असावी लागते. माझ्या मते आज खरा धोका येथेच आहे.

खेड तालुक्यातील एका गावी मी कामानिमित्त गेलो होतो. तेथील भजनी मंडळाच्या दिवंगत बुवांची एक ध्वनिफीत घरच्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात जपून ठेवली होती. कॅसेटचा जमाना ऐन भरात असताना केलेले ते ध्वनिमुद्रण. बुवांचा नातू चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि त्याच मंडळात ऑक्टोपॅड वाजवितो. सप्ताहात आजोबांचा आवाज सर्वांना ऐकवावा म्हणून त्याने ती कॅसेट काढली. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. यंत्रात घालताच काही वेळाने फीत अडकली आणि तुटली. जे ऐकू आले त्यात बुवा मध्येच गाणे थांबवून शिष्यांना सांगत होते, की येथे घाई करावयाची नाही, टाळकऱ्यांना श्वास घेऊ द्यावयाचा. ती चाल त्या गावात आता कोणालाच पुरती येत नाही. नातू तुटलेली फीत हातात धरून बराच वेळ गप्प बसला होता. शेवटी तो एवढेच म्हणाला, “पुढचं कोणाला विचारायचं?”

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्या शेकडो गावांत हळूहळू पुसले जात आहे. मोठ्या कलावंतांचे ध्वनिमुद्रण कोणी ना कोणी जपले. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या युगात दुर्मिळ मैफली रसिकांपर्यंत पोहोचविल्या. १९८२ साली लोकसंगीत व पारंपरिक संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा एक महत्त्वाचा संग्रह, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचा, प्रथम पुण्यातच सुरू झाला आणि नंतर दिल्ली परिसरात गेला. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची सोसायटी स्थापन झाली. गावच्या बुवांची फीत जपावयास मात्र मुंबईहून कोणी येणार नाही. ते काम आपले आहे आणि त्यास फारसा खर्चही नाही.

काय करता येईल

पहिले काम नोंदीचे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक साधी वही घालावी. कोणाकडे तबकड्या, फिती, कॅसेट आहेत याची यादी करावी. गाणारा कोण, गाव कोणते, वर्ष कोणते, चाल कोणाकडून आली, स्वर काळी दोन की काळी चार, साथीला कोण होते, एवढे लिहावे. नोंद नसलेले ध्वनिमुद्रण म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

दुसरे काम जपणुकीचे. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या एकावर एक न रचता कागदी पाकिटात उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि स्पिरिटने कदापि पुसू नयेत, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. लाँगप्लेची सुई जुन्या तबकडीस चालत नाही, कारण जुन्या तबकडीची खाच रुंद असते. कॅसेटच्या मागील बाजूची दोन छोटी प्लॅस्टिकची दारे मोडून टाकावीत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी धरलेली फीत उत्साहाने लगेच वाजवू नये, जाणकाराकडून आधी स्वच्छ करून घ्यावी. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने जोडू नये.

तिसरे काम प्रतींचे. संगणकावर प्रत घेताना आवाज दाबून लहान केलेली प्रत ही मूळ प्रत समजू नये. ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात वेव्ह स्वरूपात एक प्रत घ्यावी, ऐकण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आपल्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या तरुणांची वाण नाही. सुट्टीच्या दिवशी हे काम करावयास ते आनंदाने येतील.

चौथे काम हक्कांविषयी दक्षतेचे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे त्यावरील हक्क टिकतो. म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरील हा हक्क २०२० अखेर संपला. मात्र गीत व चाल यांवरील कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे असतो, हे विसरू नये. घरगुती ध्वनिमुद्रण असेल तर गायकाची किंवा त्याच्या कुटुंबाची लेखी संमती घ्यावी. गरिबाचे गाणे म्हणून ते विनामूल्य, हा समज अन्यायाचा आहे.

आणि पाचवे काम शिक्षकांचे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे मुलांना एक ध्वनिमुद्रिका ऐकवावी. एक आठवडा गावातील ओवी, दुसरा आठवडा अब्दुल करीम खाँ, तिसरा आठवडा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. कोणते वाद्य ऐकलेस, कोणता शब्द कळला, जुने काय आणि नवे काय, एवढेच विचारावे. गुण देऊ नयेत. ज्या वर्गात बिहारचे मूल आणि बीडचे मूल शेजारी बसते, तेथे एकमेकांच्या आईचे गाणे ऐकण्याहून अधिक चांगला परिचय कोणता?

१९७७ साली अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यावर जगभरातील निवडक संगीत आहे, आणि त्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. आंतरतारकीय अवकाशात मराठी मुलखातील एका गायिकेचा स्वर आज प्रवास करीत आहे. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण अवकाशात धाडलेला स्वर सुरक्षित आणि आपल्या गावातील कपाटातला स्वर बुरशी खात पडलेला, अशी स्थिती आपणांस शोभणारी नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत फिती लवकर खराब होतात. तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक पंचायतीने निदान यादीचे काम पुरे करावे, अशी आपणांस माझी विनंती आहे. जुने जपले गेले, तरच नव्याला त्यात भर घालता येईल.